वॉशिंग्टन डीसीचा बिनमताचा प्रतिनिधी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दर दोन वर्षांनी उन्हाळा तोंडावर आला की आमच्या घरी टपालाने मतपत्रिका येते, आणि पुढचे आठ-दहा दिवस माझा फोन वाजत राहतो. ओळखीतली, गणपतीत आणि दिवाळीच्या फराळाला भेटणारी मराठी माणसं विचारतात, "ताई, या डेलिगेटला मत द्यायचं कशाला? त्याला तिथे मतच नाही म्हणे." प्रत्येकाला तेच तेच सांगते, म्हणून एकदा सगळं लिहून काढलं. यात 'काँग्रेस' हा शब्द अमेरिकेच्या संसदेसाठी आहे, पक्षासाठी नाही.

डेलिगेट म्हणजे नक्की कोण?

अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहात मत देणारे ४३५ सदस्य असतात. ते पन्नास राज्यांतून येतात. त्यांच्याशिवाय आणखी सहा जण त्याच सभागृहात बसतात, बोलतात, विधेयकं मांडतात, पण शेवटच्या मतदानात त्यांचं मत धरलं जात नाही. वॉशिंग्टन डीसी, ग्वाम, यूएस व्हर्जिन आयलंड्स, अमेरिकन सामोआ आणि नॉर्दर्न मारियाना आयलंड्स यांचा प्रत्येकी एक डेलिगेट असतो. सहावा पोर्तो रिकोचा, त्याला 'रेसिडेंट कमिशनर' म्हणतात. डेलिगेटची मुदत दोन वर्षांची. रेसिडेंट कमिशनरची चार वर्षांची, आणि अख्ख्या प्रतिनिधिगृहात चार वर्षांसाठी निवडून येणारा तो एकटाच.

पगार इतर सदस्यांइतकाच, म्हणजे वर्षाला १,७४,००० डॉलर. कार्यालय आणि कर्मचारीही तसेच. सिनेटमध्ये, म्हणजे काँग्रेसच्या वरच्या सभागृहात, मात्र या सहा ठिकाणांचं कोणीच नसतं, बिनमताचंसुद्धा नाही.

आपल्याकडे असं काही आहे का? म्हणजे पटकन समजेल.

महाराष्ट्रात वाढलेल्या माणसाला मी 'स्वीकृत नगरसेवक' आठवायला सांगते. महापालिकेत तो सभेला बसतो, बोलतो, पण मतदानात त्याचा हात मोजत नाहीत. दिल्लीत भारताच्या महान्यायवादींचंही तसंच. संसदेच्या दोन्ही सभागृहांत ते बोलू शकतात, मत देऊ शकत नाहीत.

फरक एकच आहे, आणि तो मोठा आहे. स्वीकृत नगरसेवक नेमलेला असतो आणि महान्यायवादीही नेमलेले. त्यांना मत नाही यात कोणा मतदाराचं काही जात नाही, कारण त्यांना कोणी निवडून दिलेलंच नसतं. डेलिगेटला लाखो माणसं रांगेत उभी राहून निवडून देतात, आणि मग दारातून आत गेल्यावर त्या लाखो माणसांच्या वतीने हात वर करायची वेळ आली की त्याला थांबवतात. आपल्याकडे राज्यसभेत राष्ट्रपतींनी नेमलेले १२ सदस्यसुद्धा विधेयकांवर मत देऊ शकतात. लता मंगेशकर, सचिन तेंडुलकर हे असेच नामनियुक्त सदस्य होते.

लक्षद्वीपचं उदाहरण मी नेहमी देते. २०११ च्या जनगणनेत तिथली लोकसंख्या ६४ हजारांच्या घरात होती. तो केंद्रशासित प्रदेश आहे, राज्य नाही. तरी लोकसभेत त्यांचा एक खासदार आहे आणि त्याचं मत उत्तर प्रदेशच्या खासदाराच्या मताइतकंच भरतं. गोवाही १९८७ च्या ३० मेपर्यंत राज्य नव्हता, पण गोवा, दमण आणि दीव या केंद्रशासित प्रदेशातून १९६३ पासून दोन खासदार निवडून जात आणि मत देत. राजधानी असणं किंवा राज्य नसणं ही मत काढून घ्यायची कारणं नव्हेत, हे आपण आपल्या देशात पाहिलेलं आहे. दिल्लीचे सात खासदार आहेत.

मग डीसीलाच मत का नाही?

अमेरिकेच्या घटनेत लिहिलंय की प्रतिनिधिगृहाचे सदस्य 'राज्यांतील' लोक निवडतील. डीसी राज्य नाही. एवढंच कायद्याचं कारण.

पण हे पहिल्यापासून असं नव्हतं. राजधानीसाठी मेरीलँड आणि व्हर्जिनिया या दोन राज्यांनी जमीन दिली आणि सुरुवातीला तिथले लोक आपापल्या जुन्या राज्यातच मत देत होते. १८०१ मध्ये काँग्रेसने कायदा करून हा भाग थेट आपल्या ताब्यात घेतला आणि तिथल्या माणसांचं मत गेलं. व्हर्जिनियाचा तुकडा १८४० च्या दशकात व्हर्जिनियाला परत गेला. आजचं आर्लिंग्टन ते हेच. त्यामुळे पोटोमॅक नदीच्या पलीकडे रॉसलिनमध्ये राहणाऱ्या माणसाला पूर्ण मत आहे, आणि पुलाच्या अलीकडे जॉर्जटाउनमध्ये राहणाऱ्याला नाही.

डीसीला पहिला डेलिगेट १८७१ मध्ये मिळाला. नॉर्टन चिपमन त्यांचं नाव. १८७५ मध्ये ते पदच रद्द झालं. पुढची ९६ वर्षं काहीच नाही. १९७० मध्ये नवा कायदा झाला आणि मार्च १९७१ च्या निवडणुकीत वॉल्टर फॉन्ट्रॉय निवडून आले. १९९१ च्या जानेवारीपासून तीन दशकांहून जास्त काळ एलेनॉर होम्स नॉर्टन यांनी हे पद सांभाळलं.

ही बिनमताच्या प्रतिनिधीची कल्पना आली कुठून?

१७८७ च्या नॉर्थवेस्ट ऑर्डिनन्समधून. पश्चिमेकडे नवे प्रदेश वसत होते, अजून राज्य झालेले नव्हते. त्यांनी एक प्रतिनिधी पाठवावा, त्याने चर्चेत भाग घ्यावा, मत देऊ नये, असं त्यात ठरलं. पहिला असा प्रतिनिधी १७९४ मध्ये आला, जेम्स व्हाइट. १७९९ मध्ये विल्यम हेन्री हॅरिसन आले, आणि हेच पुढे राष्ट्राध्यक्ष झाले.

तेव्हा ती पहिली पायरी होती. प्रदेश वाढायचा, राज्य व्हायचा, आणि बिनमताचा प्रतिनिधी जाऊन मत देणारा खासदार यायचा. हवाई आणि अलास्का याच वाटेने १९५९ मध्ये राज्यं झाली. हवाईचे प्रिन्स कुहिओ १९०३ ते १९२२ डेलिगेट होते आणि १९१९ मध्ये त्यांनी राज्याच्या दर्जाचं विधेयक मांडलं होतं. त्यानंतर चाळीस वर्षं लागली. डीसी आणि बेटांच्या बाबतीत ही पायरीच मुक्कामाचं ठिकाण होऊन बसली आहे, आणि मला जे खुपतं ते हे.

मत नाही तर डेलिगेट दिवसभर करतो काय?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, म्हणून जरा सविस्तर.

कायदा घडतो तो मुख्य सभागृहात नाही, समितीत. विधेयक आधी समितीकडे जातं, तिथे सुनावणी होते, साक्षी होतात, ओळ न् ओळ वाचून दुरुस्त्या घातल्या जातात आणि तिथेच बहुतेक विधेयकं मरतात किंवा तगतात. समितीत डेलिगेटला पूर्ण मत आहे. १९७० च्या दशकापासून हा अधिकार आहे. डेलिगेट उपसमितीचा अध्यक्षही होऊ शकतो. नॉर्टन २०१९ ते २०२३ महामार्ग आणि सार्वजनिक वाहतुकीच्या उपसमितीच्या अध्यक्ष होत्या. म्हणजे अख्ख्या देशातल्या रस्त्यांचा, मेट्रोचा, बसचा विषय ज्या टेबलावर येतो त्या टेबलाच्या डोक्याशी डीसीची बाई बसली होती.

डेलिगेट विधेयक मांडू शकतो, दुरुस्ती सुचवू शकतो, सभागृहात भाषण करू शकतो. सभापतींच्या निवडीत मात्र मत नाही. समितीत अडकलेलं विधेयक सह्या गोळा करून बाहेर काढायचा जो मार्ग आहे, त्यावर सही करायचाही अधिकार नाही.

आपल्या घरांशी जोडलेलं एक उदाहरण देते. डीसीमध्ये राज्य विद्यापीठांचं जाळं नाही. शेजारच्या मेरीलँडच्या मुलाला त्याच्या राज्याच्या विद्यापीठात कमी फी, आणि आमच्या मुलांना सगळीकडे परराज्याची जबर फी. १९९९ मध्ये नॉर्टन यांच्या प्रयत्नाने कायदा झाला आणि डीसीच्या मुलांना इतर राज्यांतल्या सरकारी विद्यापीठांत फीतला फरक भरून काढायला वर्षाला १०,००० डॉलरपर्यंत मदत मिळू लागली. मराठी घरांतल्या कितीतरी मुलांनी हे पैसे घेतले आहेत आणि आई-वडिलांना ते कुठून आले हे ठाऊक नसतं. ज्या बाईला अंतिम मतदानात मत नाही, तिने हे करून घेतलं. इतर खासदारांना पटवून, एकेकाच्या दारात जाऊन.

आणखी एक काम कोणाच्या डोळ्यांत भरत नाही, ते अडलेल्या माणसाचं. माझ्या सासूबाईंच्या कागदपत्रांची फाइल एका केंद्रीय कार्यालयात कित्येक महिने पडून होती. फोन केला की ध्वनिमुद्रित उत्तर, पत्राला उत्तर नाही. शेवटी डेलिगेटच्या कार्यालयात गेले. तिथल्या मुलीने एक पानी फॉर्म पुढे केला, 'माझ्या वतीने चौकशी करायला परवानगी आहे' एवढंच त्यात होतं. सासूबाईंनी देवनागरीत सही केली, तिने ती तशीच घेतली. तीन आठवड्यांनी त्या कार्यालयाचं पत्र आलं. डेलिगेटच्या कार्यालयाला कोणताही निकाल फिरवता येत नाही, पण पडून राहिलेली फाइल उचलून बघायला लावता येते. पासपोर्ट, व्हिसा, निवृत्तिवेतन, लष्करातल्या माजी सैनिकांच्या सोयी, सगळ्याला हे लागू.

'मत नाही' हे शंभर टक्के खरं आहे का?

नाही. मधलं एक दार आहे.

मोठ्या विधेयकांवर दुरुस्त्यांची चर्चा करताना अख्खं सभागृह स्वतःला 'संपूर्ण सभागृहाची समिती' म्हणवून घेतं. माणसं तीच, खुर्च्या त्याच, नियम वेगळे. १९९३ मध्ये डेलिगेटना या समितीत मत मिळालं. १९९५ मध्ये बहुमत बदललं, मत गेलं. २००७ मध्ये परत आलं, २०११ मध्ये परत गेलं, २०१९ मध्ये पुन्हा मिळालं. सत्ता कोणाची यावर माणसांचं मत येतं-जातं हे मला बरोबर वाटत नाही.

त्यातही एक अट आहे. डेलिगेटांच्या मतांमुळेच निकाल फिरत असेल, तर लगेच दुसरं मतदान घ्यायचं, त्यांना वगळून. म्हणजे ज्या वेळी मत उपयोगी पडेल नेमकं त्याच वेळी ते बाजूला ठेवायचं. १९९४ मध्ये हा नियम कोर्टात टिकला तो याच अटीमुळे.

आमच्या शहराचे निर्णय तर महापौर आणि कौन्सिल घेतात. मग काँग्रेसमध्ये कोण आहे याने काय फरक पडतो?

१९७३ च्या होम रूल कायद्याने डीसीला स्वतःचा महापौर आणि कौन्सिल मिळालं हे खरं. पण कौन्सिलने केलेला जवळपास प्रत्येक कायदा काँग्रेसकडे ठरावीक दिवस पडून राहतो आणि काँग्रेस तो फेटाळू शकते.

२०२३ मध्ये तसंच झालं. शहराच्या कौन्सिलने जुनी फौजदारी संहिता बदलली. ती बरी होती की वाईट, यावर आमच्या गल्लीतही दोन मतं होती. प्रतिनिधिगृहाने फेब्रुवारीत ती २५० विरुद्ध १७३ मतांनी फेटाळली, पुढे सिनेटनेही, आणि मार्चमध्ये राष्ट्राध्यक्षांनी सही केली. त्या ४२३ मतांत डीसीचं एकही मत नव्हतं. आयडाहो आणि अलाबामाच्या माणसांनी आमच्या कायद्यावर मत दिलं. आम्ही निवडून दिलेली बाई सभागृहात हजर होती, बोलली, आणि मतदान सुरू झाल्यावर फक्त बघत राहिली.

मार्च २०२५ मध्ये केंद्राच्या खर्चाच्या विधेयकातून डीसीच्या अंदाजपत्रकाचं नेहमीचं कलम गाळलं गेलं आणि शहरावर वर्षाच्या मध्यावर सुमारे एक अब्ज डॉलरची कात्री लावायची वेळ आली. तो पैसा बहुतांश शहराने स्वतःच्या करांतून गोळा केलेला होता. दुरुस्तीचं विधेयक सिनेटने मंजूर केलं, प्रतिनिधिगृहात ते अडकून राहिलं. माझा मुलगा सरकारी शाळेत जातो. त्या आठवड्यात पालकांच्या सभेत कोणीतरी विचारलं, "आपल्या खासदारांना फोन करूया का?" आणि पुढच्याच क्षणी सगळे गप्प झाले.

मतपत्रिकेवर 'डेलिगेट' आहे, 'युनायटेड स्टेट्स रिप्रेझेंटेटिव्ह' आहे आणि 'सिनेटर'ही आहे. यातला खरा कोण?

फार चांगला प्रश्न, इथे भलेभले गडबडतात. मीही पहिल्या वेळी गडबडले होते. जेवणाच्या टेबलावर मतपत्रिका पसरून, काळं पेन हातात घेऊन दहा मिनिटं बसले होते.

सभागृहात जाऊन बसणारा तो डेलिगेट. 'डेलिगेट टू द हाउस ऑफ रिप्रेझेंटेटिव्ज' अशी ओळ शोधा.

'रिप्रेझेंटेटिव्ह' आणि 'सिनेटर' या डीसीच्या 'छाया' जागा आहेत. १९९० पासून शहर त्या स्वतःच निवडतं. राज्याचा दर्जा मिळावा म्हणून काँग्रेसमध्ये रदबदली करणं हे त्यांचं काम. त्यांना पगार नाही, सभागृहात खुर्ची नाही, काँग्रेस त्यांना सदस्य मानत नाही. पहिल्या दोन छाया सिनेटरांपैकी एक होते जेसी जॅक्सन. ही मतं जरूर द्या, पण आपण खासदार निवडला असं समजून डेलिगेटची ओळ कोरी सोडू नका.

मी एच-वन-बीवर किंवा ग्रीनकार्डवर आहे. डीसीत नागरिक नसलेल्यांना मत आहे असं ऐकलं.

ऐकलंत ते अर्धं खरं आहे, आणि अर्ध्या खऱ्यात धोका जास्त. डीसीच्या कौन्सिलने २०२२ मध्ये कायदा करून नागरिक नसलेल्या रहिवाशांना स्थानिक निवडणुकांत मत दिलं, म्हणजे महापौर, कौन्सिल, शिक्षण मंडळ वगैरे. २०२४ च्या निवडणुकीत लोकांनी तसं मतदान केलंही. काँग्रेसमधून हा कायदा रद्द करायचे प्रयत्न वारंवार होत असतात, त्यामुळे तो आज लागू आहे की नाही हे आधी तपासा.

डेलिगेटचं पद मात्र केंद्रीय आहे. त्यासाठी फक्त अमेरिकी नागरिकच मत देऊ शकतात. चुकून दिलंत तर ती साधी चूक राहत नाही. पुढे नागरिकत्वाच्या अर्जात मतदानाबद्दल प्रश्न विचारलेला असतो आणि तिथे ती आडवी येऊ शकते. स्थानिक मत देण्याआधीही आपल्या इमिग्रेशन वकिलाला एकदा विचारा. एका ओळखीच्या मुलाने नुसत्या उत्साहात नोंदणी केली आणि मग वर्षभर त्याच्या जिवाला घोर लागला होता. काही झालं नाही, पण तेवढा घोर कोणालाच लागू नये.

मत जूनमध्ये द्यायचं की नोव्हेंबरमध्ये?

दोन्ही वेळा. पण खरी लढत जूनच्या प्रायमरीत असते, म्हणजे पक्ष आपला उमेदवार ठरवतो त्या निवडणुकीत. डीसीत नोंदणीकृत मतदारांत डेमोक्रॅटिक पक्षाचे लोक चारात तीन इतके आहेत. त्या पक्षाच्या प्रायमरीत जो जिंकतो तो नोव्हेंबरमध्ये जिंकणारच, असं आजवर दर वेळी झालेलं आहे. १९९० मध्ये नॉर्टन पहिल्यांदा उभ्या राहिल्या तेव्हा चुरस झाली ती प्रायमरीत.

आपले बरेच लोक नोंदणी करताना 'कोणताही पक्ष नाही' यावर खूण करतात. आपल्याकडची सवय, पक्ष कशाला सांगायचा. पण प्रायमरीत पक्षाच्या नोंदणीकृत मतदारांनाच मतपत्रिका मिळत आली आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये मतदारांनी पक्ष नसलेल्यांनाही प्रायमरी खुली करणारा आणि पसंतीक्रमाने मत देण्याचा प्रस्ताव मंजूर केला, पण मंजुरी आणि अंमल यांत अंतर असतं. म्हणून काही आठवडे आधी आपली नोंदणी बघून घ्या, आणि मतपत्रिका हातात आली की एकच गोळा भरायचा की पहिला, दुसरा, तिसरा क्रम द्यायचा, ते वरच्या सूचनेत वाचा.

मतपत्रिका नोंदणीकृत मतदाराच्या घरीच येते. भरून पाकिटावर सही करायला विसरू नका. टपालाने पाठवा किंवा रस्त्यावरच्या पेटीत टाका. मी पेटीतच टाकते. आमच्या वाचनालयाबाहेर आहे, झाकण घट्ट आहे, पाकीट आत पडल्याचा आवाज येतो तोवर हात काढत नाही.

डेलिगेट व्हायला काय लागतं?

वय किमान २५ आणि डीसीचा पात्र मतदार असणं. दुसरं पगारी सरकारी पद सांभाळून हे करता येत नाही. प्रायमरीत नाव यायला सह्या गोळा कराव्या लागतात, मोठ्या पक्षासाठी २,०००. हिवाळ्यात मेट्रो स्टेशनबाहेर क्लिपबोर्ड घेऊन उभी असलेली पोरं दिसतात ती याच कामाची. मोजताना बऱ्याच सह्या बाद होतात, म्हणून सही करताना मतदार यादीत आहे तोच पत्ता लिहा.

बाकीच्या पाच ठिकाणची गोष्ट काय?

पोर्तो रिकोची लोकसंख्या २०२० च्या जनगणनेत ३२,८५,८७४ होती, कित्येक राज्यांपेक्षा जास्त. त्यांचा पहिला रेसिडेंट कमिशनर होता फेडेरिको देगेताऊ, त्याची मुदत १९०१ मध्ये सुरू झाली. ग्वाम आणि व्हर्जिन आयलंड्सना १९७२ च्या कायद्याने डेलिगेट मिळाला, अमेरिकन सामोआला १९७८ च्या कायद्याने. मारियाना बेटांचा पहिला डेलिगेट तर २००९ मध्ये आला. अमेरिकन सामोआत जन्मलेली माणसं जन्माने अमेरिकेचे 'नागरिक'सुद्धा नसतात, कायद्याच्या भाषेत ती 'नॅशनल' असतात, आणि तिथून सैन्यात मात्र मोठ्या संख्येने जातात.

डीसीला १९६१ च्या तेविसाव्या घटनादुरुस्तीने राष्ट्राध्यक्षाच्या निवडणुकीत तीन 'इलेक्टोरल' मतं (राष्ट्राध्यक्ष प्रत्यक्ष ठरवणारी मतं) मिळाली. बेटांना तेही नाही.

व्हर्जिन आयलंड्सच्या स्टेसी प्लास्केट यांचं उदाहरण मला विसरता येत नाही. जानेवारी २०२१ मध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांच्यावर महाभियोगाचा ठराव झाला तेव्हा त्यांना त्यावर मत देता आलं नाही. पण सिनेटमध्ये तो खटला चालवणाऱ्यांत त्या होत्या, हे काम करणाऱ्या पहिल्या डेलिगेट. पुढे जानेवारी २०२५ मध्ये सभापतींच्या निवडीच्या वेळी त्यांनी उभं राहून विचारलं की आमच्या लोकांची नावं का पुकारली जात नाहीत. बोलता बोलता त्यांचा माईक बंद झाला.

चेरोकी राष्ट्राचाही, म्हणजे अमेरिकेच्या मूळ रहिवाशांपैकी एका जमातीचाही, एक जुना हक्क आहे. १८३५ च्या न्यू इकोटा करारात त्यांना प्रतिनिधिगृहात डेलिगेट देण्याचं वचन आहे. २०१९ मध्ये त्यांनी किंबर्ली टीही यांचं नाव दिलं, २०२२ मध्ये त्यावर सुनावणी झाली. ज्या करारापोटी त्यांच्या पूर्वजांना घरदार सोडून पश्चिमेला चालत जावं लागलं, त्यातलं हे कलम.

कर भरतो तरी मत नाही, असं कसं?

डीसीचे लोक केंद्राचा आयकर इतर अमेरिकी माणसांसारखाच पूर्ण भरतात. बेटांवर नियम वेगळे आहेत. उदाहरणार्थ पोर्तो रिकोत तिथेच कमावलेल्या पैशावर केंद्राचा आयकर साधारणपणे नाही, पण पगारातून कापले जाणारे सामाजिक सुरक्षेचे कर आहेत. डीसीत २०२० मध्ये ६,८९,५४५ लोक होते, वायोमिंग (५,७६,८५१) आणि व्हरमाँट (६,४३,०७७) या राज्यांपेक्षा जास्त. त्या दोघांना प्रत्येकी एक मत देणारा खासदार आणि दोन सिनेटर.

आमच्या गाडीच्या पाटीवर 'प्रतिनिधित्वाविना कर' असं वाक्य २००० सालापासून छापलेलं असतं. भारतातून आलेले पाहुणे ते वाचून विचारतात की सरकारनेच सरकारविरुद्ध घोषणा कशी छापली. छापली शहराने.

मग मेरीलँडमध्ये विलीन का होत नाही?

गोव्याच्या १९६७ च्या जनमत कौलाबद्दल घरात ऐकलेलं असेल, तर हे लगेच कळेल. महाराष्ट्रात विलीन व्हायचं की वेगळं राहायचं, हे तिथे लोकांना विचारलं गेलं आणि त्यांनी वेगळं राहायचं ठरवलं. वीस वर्षांनी राज्य झालं. भाषा, बाजार, नातीगोती जवळची असली तरी आपली ओळख सोडून द्यायला माणसं तयार नसतात. डीसीचं तसंच आहे, दोनशे वर्षांत इथलं शहर स्वतःचं झालं आहे. २०१६ मध्ये इथेही कौल झाला आणि सुमारे ८६ टक्के मतं राज्याच्या बाजूने पडली. मेरीलँडचीही घ्यायची तयारी लागेल, ती दिसत नाही.

प्रतिनिधिगृहाने राज्याचं विधेयक २०२० मध्ये २३२ विरुद्ध १८० आणि २०२१ मध्ये २१६ विरुद्ध २०८ मतांनी मंजूर केलं. सिनेटमध्ये ते मतदानापर्यंत पोहोचलं नाही. त्याआधी १९७८ मध्ये घटनादुरुस्तीचा प्रयत्न झाला होता, त्याला ३८ राज्यांची मान्यता लागत होती, १६ मिळाली.

मग उमेदवार निवडताना काय बघायचं?

इथे मी माझं मत सांगते. मत देणारा खासदार आळशी असला तरी त्याचं बटण दाबलं जातं, त्याच्या मतदारांचं मत मोजलं जातं. डेलिगेट आळशी असला तर आपल्याकडे काहीच उरत नाही. त्याच्या हाती फक्त समिती, ओळखी, आवाज आणि चिकाटी आहे. म्हणून भाषण किती जोरदार यापेक्षा मी तीन गोष्टी विचारते. कोणत्या समित्या मागणार? दुसऱ्या पक्षातल्या कोणाबरोबर याआधी काम केलंय का? आणि अडलेल्या माणसाचा फोन उचलायला कार्यालयात किती माणसं ठेवणार? उमेदवार वस्त्यांमध्ये, चर्चच्या तळघरात, शाळेच्या जिममध्ये सभा घेतात. तिथे जा आणि विचारा. आपले लोक मागच्या खुर्चीवर बसून ऐकून परत येतात, तसं करू नका.

आम्ही काही वर्षांपूर्वी ईस्टर्न ॲव्हेन्यूच्या मेरीलँडच्या बाजूने डीसीच्या बाजूला राहायला आलो. अंतर दीड मैल, ट्रकच्या दोन फेऱ्या. वाणी तोच, डॉक्टर तोच. महिन्याभराने एका संस्थेचा ईमेल आला, 'तुमच्या सिनेटरना आजच फोन करा'. मी पिनकोड टाकला. पडद्यावर नावांच्या जागी रिकामी चौकट आली. खाली एकच नाव होतं, डेलिगेटचं. त्या दिवसापासून मी या एका नावाची निवडणूक कधी चुकवलेली नाही.

मी डीसीचा मतदार आहे, पण सध्या आई-वडिलांजवळ पुण्यात राहतोय. मत देता येईल?

येईल. परदेशात राहणारे अमेरिकी नागरिक अमेरिकेतला शेवटचा पत्ता जिथला, तिथे मत देऊ शकतात, आणि त्यात डेलिगेटचं मतही येतं. दर निवडणुकीच्या वर्षी नव्याने 'फेडरल पोस्टकार्ड' अर्ज भरा, जानेवारीतच भरला तर जूनची प्रायमरीही हाती लागते. मतपत्रिका ईमेलवर मागवा, कारण टपालाने यायला वेळ लागतो. अर्जावरची सही आणि पाकिटावरची सही सारखी ठेवा, एकदा इंग्रजीत केली असेल तर दुसऱ्यांदा मराठीत करू नका.